अनुसयेच्या शालूची जर

कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पत्र्याची पेटी कुलूपबंद असू दे, वर दोन गोधड्या टाकलेल्या असू देत, आत खरी जर आहे की खोटी हे मला उंबऱ्यातून कळायचं. नुसत्या वासावर. खऱ्या जरीला खोल विहिरीच्या तळासारखा गार वास असतो. एकदा गणेशगुडीला होडीतून काळी नदी ओलांडताना मी मधल्या पाण्यातच ओळखलं होतं, की पलीकडच्या तिसऱ्या घरात पैठणी उन्हात घातलेली आहे. होडीवाला जिवंत असता तर त्यानं साक्ष दिली असती.

"तुमचे साक्षीदार सगळे मेलेलेच कसे वो, लखूअण्णा?" धाकलू शिंपी मशीन न थांबवता म्हणाला.

सुप्याच्या पेठेत त्याच्या पडवीत आम्ही बसलो होतो. बाजाराचा वार नव्हता, गिऱ्हाईक एकच. फुला, बाजारकुणंगच्या अर्जुनची पोर. माघात तिचं लग्न होतं, चोळ्या शिवायला टाकायला आली होती. माप देऊन झालं तरी ती उठेना. खांबाला टेकून माझ्याकडे बघत बसली.

"आज्जा, माझ्या आईचा शालू तुम्हीच नेला न्हवं?"

"व्हय, मीच."

"मग त्याचं सांगा. बाबा मरेस्तोवर एकच धरून बसला. म्हणायचा, मी शालूला इस्तू लावू दिला असता तर अनुसया जगली असती. त्याची चूक व्हती की न्हवती, तेवढं मला कळाय पायजे. सासरी जायच्या आधी."

धाकलूनं मशीन थांबवलं. आता सांगणं भाग होतं.

माझा धंदा धाकलूला ठाऊक आहे, फुलासाठी सांगितला. डोक्यावर जर्मनच्या भांड्यांचं टोपलं, खांद्यावर गाठोडं. बायकांनी जुनी लुगडी, कोट, धोतरं आणायची, मी डेचकी नाही तर पातेलं द्यायचं. बेळगावला गेलं की गाठोडं सोडून निवड करायची. चिंध्या पुसणीसाठी विकायच्या, धड असेल ते दुरुस्त करून बाजारात मांडायचं. आणि शंभर लुगड्यांत एखादं असं निघायचं, की ते विकून पुढचे सहा महिने घरी बसून खावं. ते एखादं ओळखायचं, आणि ओळखलं हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. धंदा म्हणजे एवढंच.

बारा वर्षांपूर्वी बाजारकुणंगात शिरलो तेव्हा तापाची साथ होती. निम्म्या घरांतून कण्हणं ऐकू यायचं. अर्जुन अंगणातच उभा होता, हातात शालू. आत अनुसया गोधडीखाली थडथडत होती. लोंढ्याच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी पाहिजे, तिथं सुया पाहिजेत, आणि गाडीवाला रोख मागत होता.

शालू उलगडला आणि मी डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. अनुसयेच्या आजीनं खानापूरच्या एका मोठ्या घरात मूल सांभाळलं होतं, तिथल्या मालकिणीनं तिला दिलेला, आणि अनुसया तोच लग्नात नेसली होती. डाळिंबी रंग, पदरावर कमळं, आणि प्रत्येक कमळाची पाकळी वेगळी विणलेली. तसं काम करणारे हात शहापूरच्या विणकरांतसुद्धा उरले नव्हते. वास तर असा आला की मला खोकला सुटला.

"काय मिळंल?" अर्जुन म्हणाला.

"जर खरी असली तर पुष्कळ. खोटी असली तर एक पातेलं. एक धागा जाळून बघतो. पांढरा गोळा राहिला तर चांदी, काळा पडला तर तांबं."

अर्जुननं शालू माझ्या हातातून ओढून घेतला.

का ते फुलाला सांगायला नको होतं. डोंगरातल्या या लोकांत बाईचा लग्नाचा शालू तिच्याबरोबरच विस्तव बघतो, त्याआधी नाही. ती जिती असताना त्याचा एक धागा जरी जळला तर तिची चिता पेटवल्यासारखंच. घरात आजारी बाई, आणि मी नवऱ्याकडं काडीपेटी मागत होतो.

"विकतोयस तर मग जाळला काय, नि नेला काय?" मी म्हटलं.

"विकतोय तिला जगवायला," अर्जुन म्हणाला. "जाळू कसा?"

आता मला जाळायची गरजच काय होती! नाकानं सांगितलं होतं. पण मी तोंड वाकडं केलं. म्हटलं, पारखल्याशिवाय मी खोट्या जरीचाच भाव देणार. तुझा विश्वास असला तर हे मोठं पातेलं ठेव, शालू बेळगावात दाखवतो, खरा निघाला तर वरचे पैसे घेऊन उलट पावली येतो.

"पातेल्यात काय शिजवू?" तो म्हणाला. तरी त्यानं ते घेतलं. शालू घडी करून दिला, तो दोन्ही हातांनी, लेकीची पाठवणी करावी तसा.

"आईनं आतनं हाक मारली व्हती," फुला म्हणाली.

मला ते आठवत नव्हतं. मी पुढं सांगत गेलो.

ओढ्याच्या वळणावर मी बसलो. विडी पेटवली. पदराच्या कडेचा एक धागा ओढला आणि निखाऱ्याला लावला. वासावर माझा भरवसा होता, पण हात ऐकेनात. रेशीम जळून गेलं आणि मोहरीएवढा पांढरा थेंब नखावर उरला. अस्सल! धाकलू, तसा थेंब मी जन्मात पुन्हा बघितला नाही.

"ओढ्याचं वळण म्हणजे आमच्या घरापासनं हाक मारली तर ऐकू येतं," फुला म्हणाली. "तिथनंच का न्हाई परतला?"

"कसा परतणार? वाटेत वाघ!"

"भर दुपारी?" धाकलू म्हणाला.

"भर दुपारी. मी शालू उलगडून पुढं धरला. उन्हात जर अशी लखलखली की वाघानं डोळे मिटले आणि मांजरासारखा खाली बसला. पण बसला तो कुणंगाच्या वाटेवर. मला मोकळी राहिली ती लोंढ्याचीच."

धाकलू हसला. फुला हसली नाही. मला वाटलं होतं हसेल, म्हणून तर वाघाला मी मांजरासारखा बसवला होता. मग मी घाई केली.

बेळगावात जुनी जर जाळून चांदी गाळणाऱ्यानं शालू तागडीत टाकला. चांदीच्या वजनावर भाव सांगितला. मी उचलून घेतला. हे काम गाळायचं नव्हतं. एका घरात लग्न निघालं होतं, तिथल्या म्हातारीला आपल्या आईच्या पदरासारखाच पदर नातीच्या अंगावर हवा होता. तिनं कमळं बघितली, डोळ्यांना लावली, आणि गाळणाऱ्याच्या चौपट दिले. कुणाचा शालू, असं तिनं विचारलं नाही.

"आणि मग मी धावलो, पोरी. रात्रंदिवस धावलो. कोळशाच्या गाडीवर बसून लोंढा गाठला, डॉक्टरला झोपेतून उठवला, त्याची पेटी माझ्या डोक्यावर. तो पुढं, मी मागं. तिसऱ्या दिवशी कुणंगाच्या खिंडीत पोचलो आणि खाली बघितलं तर नदीकाठी धूर. डॉक्टरनं टोपी काढली. म्हणाला, एक दिवस उशीर झाला. पैसे मी तिथंच पाण्यात सोडले. बाईचे होते, बाईबरोबर गेले. तुझ्या बाबाची चूक नव्हती. माझीही नव्हती. दिवसच वाईट होते."

फुला उठली. पदर खोचला. पेठेतली दोन माणसं थांबून बघायला लागली, एवढ्या मोठ्यानं ती बोलली.

"तिसऱ्या दिवशी धूर कुठला, आज्जा? तिसऱ्या दिवशी माझी आई उठून पेज प्याली. त्यानंतर आठ दिवस ती जिती व्हती, आणि आठी दिवस बाबा मला वाटंवर बसवून ठेवत व्हता, भांडीवाला येतोय काय बघायला. तुम्ही आला ते तेराव्याला. पानावर बसून जेवला. हात धुतला, आणि बाबाला इचारलं, हिची बाकीची लुगडी कुठं ठेवलीत म्हणून."