कोपऱ्यातलं बटण

निलेश लिफ्टच्या सर्व्हिसिंगवरून घरी आला की त्याला आधी चहा लागायचा आणि मग बातम्या. राजकारण नाही, क्रिकेट नाही. कंप्युटरची पुढची सिस्टिम कशी दिसणार, तिचा फोटो कुणी आधीच बाहेर फोडला, तो खरा की कुणी घरी बसून बनवला, असल्या बातम्या. कांजूरमार्गच्या वन रूम किचनमध्ये, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास नको म्हणून खिडकी लावून तो मोबाइलवर वाचत बसायचा. त्याची बायको रुचिरा म्हणायची, "तुला काय रे त्याचं? तू काय कंप्युटर बनवतोस?"

हल्ली मात्र तीच विचारू लागली होती. "आज काय आलं नवीन?"

निलेश खूश. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता कुठे हिला गोडी लागली!

"झकास आहे आज. स्क्रीनच्या तळाची पट्टी म्हणे तरंगणार. कडेला चिकटलेली नाही, अधांतरी. आणि सगळं काचेसारखं आरपार."

"आरपार म्हणजे मागचा फोटो दिसत राहणार?"

"हो ना! काय मस्त दिसेल."

"आणि ते डावीकडचं, कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण?"

"ते मधे जाणार म्हणतात. नक्की नाही अजून."

रुचिरा उठली, ओटा पुसला, परत येऊन बसली, परत उठली. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ती एकटीच जाऊन आली होती. नजर कडेकडून मिटत चालली आहे, असं त्यांनी सांगितलं. मधलं दिसतं, पुष्कळ वर्षं दिसत राहील, पण कडा जाणार. औषध नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घाटकोपरच्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे रिपोर्ट टाइप करायची, आणि तिथलं काम आता अर्धं डोळ्यांनी, अर्धं हाताने चाललं होतं. माऊस खाली डावीकडे लोटला की बाण कोपऱ्याला टेकून थांबायचा. न बघता बटण सापडायचं. तो कोपराच गेला तर?

जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः मोबाइलवर असल्या बातम्या शोधू लागली. एक जण लिहायचा, कोपरा राहणार. तेवढी दुपार बरी जायची. संध्याकाळी दुसराच फोटो यायचा, त्यात सगळं हवेत. जेवताना तिचं लक्ष नसायचं. रिपोर्टमधला एक आकडा चुकला, तो सुदैवाने तिनेच पकडला. त्या दिवसापासून ती प्रत्येक रिपोर्ट तीनतीनदा तपासू लागली आणि घरी उशिरा येऊ लागली.

रविवारी सकाळी निलेशने तिला हाक मारली. "इकडे ये. सरप्राइज." नेटवरून काहीतरी उतरवून त्याने लॅपटॉपला त्या फोटोंसारखं रूप दिलं होतं. "एवढी विचारतेस, म्हटलं दाखवूया. दाब बटण."

रुचिराने सवयीने माऊस कोपऱ्यात लोटला. तिथे काहीच नव्हतं. तिने बाण मधे आणला, वर नेला, खाली आणला. मागे समुद्राचा फोटो होता. त्यात ती काचेसारखी पट्टी विरघळून गेली होती. बाण दोनदा बटणावरूनच गेला.

निलेश हसला. "अगं, समोर तर आहे!"

तिने मान पूर्ण वळवून स्क्रीनचा एक कोपरा पाहिला, मग दुसरा. निलेशचं हसणं थांबलं.

"रुचिरा, तुला दिसत नाहीये?"

"दिसतंय रे. शोधावं लागतंय."

मग तिने सगळं सांगितलं, स्क्रीनकडे बघतच. निलेशने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग चिडला. "आणि मी रोज तुला उत्साहाने सांगत होतो! मला बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोलले असते तर खरं झालं असतं ना."

त्याने लॅपटॉप बंद केला. मग पुन्हा उघडला आणि तो समुद्र काढून टाकला. काळ्यावर पिवळी अक्षरं केली, बाण मोठा केला. "आता बघ." बाण लगेच सापडला. ते तिने कबूलही केलं. पण हात सवयीने माऊस कोपऱ्यातच लोटत राहिला.

"ऑफिसात सांग," तो म्हणाला. "उद्याच."

सोमवारी ती लॅबच्या मॅनेजरांसमोर, श्यामकांत सरांसमोर उभी राहिली. शब्द जुळेनात म्हणून सुरुवात भलतीकडूनच झाली. "सर, नवीन सिस्टिम येणार म्हणतात. आपल्याकडे कधी बसवणार?"

"आपल्याकडे?" सर हसले. "मॅडम, या मशिन्स मी इथे लागलो तेव्हाच्या आहेत. नवीन काही टाकलं तर चालूसुद्धा व्हायच्या नाहीत. कोण देतंय आपल्याला नवीन!"

एवढे दिवस जिवाला घोर लावणारी गोष्ट एका वाक्यात संपली. तिला हसू आलं. आता 'बरं सर' म्हणून जागेवर जाता आलं असतं. ती दारापर्यंत गेलीही. दाराची कड दिसली नाही आणि खांदा आपटला.

"लागलं का?" सरांनी विचारलं.

ती परत फिरली. "सर, मला बसून बोलायचंय. सिस्टिमचं नाही. माझ्या डोळ्यांचं."

सरांनी हातातली फाइल मिटली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.