मरियमचं लाल नाव

काशीराम तांब्यांनी उभ्या नोकरीत एकही कागद लाल शाई लागून परत येऊ दिला नव्हता. हे ते स्वतःच सांगत, आणि कोणी विचारायची वाट न बघता सांगत. चिपळूणजवळच्या अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या कचेरीत ते टंकलेखक होते. निवृत्त झाल्यावर बायको सुंदराबाईंसह समुद्रकाठी मांडवीला राहायला आले, पण गप्पा अजून अलोऱ्याच्या कर्मचारी वसाहतीच्याच.

त्या वसाहतीत भिंतीला भिंत लावून राहणारा मुसा वेल्डर हा त्यांचा जिवाभावाचा दोस्त. तो आता मस्कतला मुलाकडे होता. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. पण गेल्या वर्षी त्याची बायको मरियम गेली आणि बोलणंच आटलं. "बरा हाय. ऊन लय हाय," एवढं सांगून गडी गप्प. मरियमचं नाव तर घेईचना. काशीरामांच्या जिवाला ते फार लागायचं. दोस्ताला पुन्हा बोलतं करायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

त्याच सुमारास, २००७ साली, त्यांना 'गावकोश' सापडला. नाक्यावर इंटरनेट कॅफे चालवणाऱ्या रुबिनाने तो दाखवला. ती एक विकी होती: ज्याने त्याने आपल्या गावाचं पान लिहावं, दुसऱ्याने त्यात भर घालावी. काशीरामांनी लगेच वसाहतीचं पान लिहायला घेतलं आणि मुसाला फोनवर बजावलं, "येत्या शुक्रवारी नातीकडून कॉम्प्युटर उघडून घे. आपली वसाहत दाखवतो तुला."

लिहिलं झकास. जतन केलं, पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. एकेक परिच्छेद तुटक रेघांच्या चौकटीत जाऊन बसला होता, आणि ओळी न मोडता उजवीकडे पडद्याबाहेर पळाल्या होत्या.

"रुबिना, तुझं यंत्र बिघडलंय."

"यंत्र नाय बिघडलं, काका. तुम्ही ओळीच्या सुरवातीला जागा सोडलीत."

"सोडणारच! परिच्छेद आहे. पाच जागा सोडायच्या असतात."

"इथे एक सोडली तरी चौकट पडते. जागा काढा, आणि दोन परिच्छेदांच्या मधे एक ओळ रिकामी ठेवा."

जागा न सोडता परिच्छेद, म्हणजे काशीरामांच्या लेखी अनवाणी लग्नाला जाणं. तरी निमूटपणे काढल्या. पण सवयीचा अंगठा पुन्हा जागा सोडायच्या पट्टीवर पडायचाच. शेवटी रुबिनाने त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप दिला, तेव्हा कुठे परिच्छेद ताळ्यावर आले.

मग दुवे. नावावर टिचकी मारली की त्या नावाचं पान उघडायला हवं होतं. काशीरामांनी टाइपरायटरवरचे गोल कंस घातले होते, त्यामुळे काहीच उघडेना.

"चौकोनी कंस, काका. दोन उघडायचे, दोन मिटायचे."

चिपळूण या नावाचा एक कंस मिटायचा राहिला, तर ते कंस तसेच्या तसे पानावर येऊन उभे राहिले. तो मिटला आणि चिपळूण निळं झालं. काशीराम मनापासून खूश झाले. त्याच भरात त्यांनी खालच्या ओळीतल्या नावालाही कंस घातले: शाळेमागे शिवणवर्ग चालवणाऱ्या मरियम मुकादम. जतन केलं.

नाव लालभडक उमटलं.

काशीरामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्या कचेरीत लालचा एकच अर्थ होता. साहेबाला चूक सापडली की लाल शाई, आणि कागद परत. त्यांनी पानाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर जाऊन तडक खुलासा टंकला: 'सदर नावात कोणतीही चूक नाही, याची नोंद घ्यावी.' साहेबाचा काही पत्ता नव्हता आणि नाव होतं तसंच लाल. शुक्रवार तर उद्यावर आलेला. त्यांनी कंसच काढून टाकले. नाव काळं झालं, पण त्यांचं मन काही हलकं झालं नाही.

"कंस का काढलेत?" रुबिनाने विचारलं.

"दोस्त उद्या बघणार. त्याच्या गेलेल्या बायकोचं नाव लाल दाखवू? मेलो तरी नाय दाखवणार."

रुबिना हसली नाही. "लाल म्हणजे चूक नाय, काका. लाल म्हणजे या नावाचं पान अजून कोणी लिहिलं नाय. टिचकी मारली की कोरं पान उघडतं. लिहिलं की नाव निळं."

"मग मीच लिहितो."

त्यांनी कळांवर बोटं ठेवली आणि तशीच उचलली. त्यांना काय ठाऊक होतं? शिलाई मशीनचा आवाज आणि ईदचा शीरखुर्मा. बाकीची मरियम भिंतीपलीकडची होती, ती मुसालाच ठाऊक. त्यांनी कंस पुन्हा घातले. मुसा दुखावला तर शुक्रवारचा फोनही जाईल, हे कळत होतं. तरी घातले.

शुक्रवारी फोन आला. "बघितलं," मुसा म्हणाला. "मरियमचा नाव लाल का रे?"

"तिच्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाय म्हणून. मी नाय लिहिलं. तो हक्क तुझा."

मुसाने फोन ठेवला. काशीरामांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचे काही दिवस त्यांना ताटातलं सरंगा माशाचं कालवणही गोड लागेना, आणि मांडवीत याहून वाईट काय असतं!

तरी रोज कॅफेत जाऊन ते पान बघायचेच. एक दिवस नाव निळं दिसलं. त्यांनी टिचकी मारली. नात शिफाने टंकलं होतं, पण बोलत मुसाच होता.

'मरियम शिवायची. घर गळायला लागलं की आधी मशीन पलंगावर ठेवायची, मी कुठे झोपायचं ते नंतर. रागावली की माझ्या सदऱ्याचं एक बटण लावायची नाही. मी ते मागायला गेलो की भांडण मिटायचं. अजून खूप आहे. लिहीन. तिची जिवाची मैत्रीण सुंदराबाई तांबे.'

काशीरामांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोस्त बोलता झाला होता. चष्मा पुन्हा लावला तेव्हा दिसलं, शेवटचं नाव लाल होतं.

ते घरी आले. सुंदराबाई ओट्यापाशी बांगडे साफ करत होत्या.

"अगो, मुसाने तुझं नाव लाल केलंय. म्हणजे तुझ्याबद्दल आता मी लिहायचं."

"मग लिहा की."

काशीराम पाट ओढून बसले. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टंकलं. दुपारी भिंतीपाशी या दोघी काय बोलायच्या, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"काय लिहायचं ते मला ठाऊक नाय," ते म्हणाले.

सुंदराबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि समोर येऊन बसल्या.

"विचारा मग. इतकी वर्षं वाट बघत्येय."