हौदाचं झाकण

वासरू कशानं गेलं ते गुरुवारी कळलं.

गुरांचे डॉक्टर हौदापाशी येऊन थांबले. "काका, या पाण्यानं. पाखरांची विष्ठा. तपासणीत तसंच आलंय." हौदाच्या काठावर तेव्हाही आठ-दहा पारवे बसले होते, शेपट्या पाण्याकडे करून. "इथं झाकण होतं ना? कालवड महिन्याभरात विणार. त्याआधी बंदोबस्त करा, नाहीतर तेही वासरू हातचं जाईल."

झाकण त्याच्या बायकोनं केलेलं. हौद फळ्यांनी बंद, गाईला तोंड घालण्यापुरती जागा मोकळी, तिथं जुन्या कपाटाचं दार, वर बिजागऱ्या. गाईनं नाकानं ढकललं की उघडायचं, ती मागे सरली की मिटायचं. बायको गेल्यावर ही कालवड आली. तिला ढकलणं ठाऊक नव्हतं, दिवसभर तहानेनं हंबरत राहिली. त्यानं वैतागून दार उचकटलं आणि भिंतीला टेकवलं. दुसरं काही करायचं त्राणच नव्हतं.

डबा घेऊन आलेल्या बहिणीनं कपाळाला हात लावला. "दादा, वहिनीनं सगळ्या गाईंना शिकवलं होतं. तुला एक शिकवता आली नाही?"

"कसं शिकवायची ते कुठं बघितलं मी?"

"तीस वर्षं एकाच गोठ्यात होतास ना?"

"धारा काढत होतो."

"मग गाईकडे पाठ करून काढायचास वाटतं!"

त्यानं हौद उपसला, घासला, नवं पाणी भरलं. मग दार उचललं. खालच्या कडेला लाकूड गुळगुळीत झालं होतं, मधोमध वाटीएवढा खळगा. त्यानं बोट फिरवलं, जिभेला लावलं. किंचित खारट.

"मीठ आण गं," तो म्हणाला.

दार बसवून त्यानं खळग्यात मीठ चोळलं. दोन्ही जुन्या गाई आल्या, मेलेल्या वासराची आईही. दार ढकलून प्यायल्या, जणू मधे काही झालंच नव्हतं. कालवड पुढं आली, मीठ चाटलं. दार हललं तशी बिचकून मागे पळाली. पुन्हा आली, पुन्हा पळाली. तो उन्हात उभाच.

"बादलीनं दे रे तिला," बहीण म्हणाली.

"बादलीनं दिलं तर शिकणार कधी?"

"गाभण आहे ती, दादा."

त्यानं बादली भरली.

याला आता नऊ दिवस झाले. पारवे छपरावर बसतात. कालवड रोज मीठ चाटून जाते आणि बादलीनं पिते. तिला शिकवायचं अजून राहिलंय.