तिसरं नको

धुरपताबाईंची खानावळ वाशीमच्या कचेरीसमोर बारा वर्षं चालली, ती कचेरीच्याच जिवावर. दावे झटपट निकालात निघाले असते, तर बाईंना चूल विझवून आसेगावला दिराच्या दारात बसावं लागलं असतं. तिथली भाकर त्यांनी विधवा झाल्यावर दोन वर्षं खाल्ली होती. पहिल्याच दिवशी त्या रीतीप्रमाणे "नको" म्हणाल्या, आणि जावेनं भाकरीचं टोपलं उचलून आत नेलं. पुढची दोन वर्षं ते तसंच आत जात राहिलं.

सदतीस सालच्या पोळ्यानंतर समोर किसनसिंगांचं हॉटेल उघडलं. तिथं खुर्च्या होत्या, टेबलं होती आणि खाताना स्वतःचंच तोंड दिसावं म्हणून भिंतीला आरसा होता. बाईंकडे पाट होते. आठ दिवसांत पाट रिकामे पडले आणि बाईंना रोज आसेगाव दिसू लागलं.

बाईमाणसानं हॉटेलात शिरायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी नानाजींना पाठवलं. बाईंचं जुनं गिऱ्हाईक, मेडशीचे नानाजी, शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, कचेरीत नऊ वर्षं भांडत होते, आणि धुरा होता दीड हात रुंद.

"काय हाय तिथं, ते नीट पाहून या," बाई म्हणाल्या. "अन् मले खरं सांगा."

नानाजी गेले, थोड्याच वेळात परत आले आणि पाटावर बसले.

"भाकर हाय का?"

"काहून? तिथं काई खाल्लं नाई?"

"खाल्लं ना. बशीभर भजे. खुर्ची मातर झकास हाय. वाढप्यानं इचारलं, आणखी काय देऊ? मी म्हनलं, नको."

"मंग?"

"मंग तो चालला गेला!"

बाईंची भाकर तव्यावरच राहिली. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नमस्कार, दुसरं म्हणजे लाज. तिसऱ्याला वाढणाऱ्यानं अर्धी भाकर ताटात टाकायची आणि जेवणाऱ्यानं "अरे बापा, पुरे!" म्हणून ओरडायचं, तेव्हा कुठं जेवण सुरू होतं. किसनसिंगांचा वाढप्या परमुलखातला. तो पहिलाच शब्द खरा मानत होता. म्हणजे आठ दिवस अख्खा तालुका आरशात बघून उपाशी उठत होता, आणि बाईंना सोडून गेलो या लाजेनं इकडे फिरकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या राहिल्या. हॉटेलातून जो निघेल त्याला म्हणायच्या, "या, जेवून जा."

"नको, आताच खाल्लं."

"घासभर खा."

"नको ना बाई."

"गरम भाकर हाय, अन् हरबऱ्याच्या चुनाचं बेसन."

"तुमी आता आयकतच नाई, तं काय करता!"

चार दिवसांत पाट भरले. किसनसिंगांनीही मग वाढप्याला तीनदा विचारायला लावलं. पण तिथं बशीगणिक पैसे पडायचे, त्यामुळे दुसऱ्यांदा विचारलं की गिऱ्हाईक टोपी उचलून पळायचं. बाईंकडे एकदा ताट मांडलं की पोट भरेपर्यंत हिशेब नाही. खुर्ची चहापुरती, पाट जेवणापुरता, असं वाशीमनं ठरवून टाकलं.

एका दुपारी सगळे उठून गेल्यावर टोपल्यात एकच भाकर उरली, तीही करपलेली. नानाजी हात धुऊन आले.

"बाई, तुमी जेवल्या काय?"

"मले नको. भूक नाई."

"घ्या ना."

"नको म्हनलं ना."

नानाजींनी खाली बसून कोरी थाळी ओढली, भाकर मोडली आणि अर्धी तिच्यात ठेवून थाळी बाईंच्या पुढं सरकवली.

बारा वर्षं बाई दुसऱ्यांना आग्रह करत आल्या होत्या. त्यांना कुणी केला नव्हता. त्यांना रडू आलं, आणि चुलीत धूर नसल्यामुळे सांगायला निमित्तही नव्हतं.

"अरे बापा, पुरे!" त्या रीतीप्रमाणे ओरडल्या.

नानाजींनी उरलेली अर्धीही थाळीत टाकली. बाईंनी ती सगळी खाल्ली.