बाईंचं माप

टेलरबाईंचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकायचा. डॉक्टरांनी महिनाभर कात्री बंद करायला लावली. बाईंनी शेक घेतला, व्यायाम केले, हात बरा झाला. कात्री धरली आणि दोन दिवसांत दुखणं पुन्हा हजर!

सून बघत होती. म्हणाली, "आई, कापताना तुमचा खांदा पार कानाला टेकतो. हे टेबल उंच आहे."

"तुझ्या सासऱ्यांनी बनवलंय ते! तीस वर्षांत त्यावर एक कपडा बिघडला नाही."

"सासरे सहा फूट होते ना? त्यांनी स्वतःच्या मापाने बनवलं."

बाईंनी टेप काढून जमिनीपासून स्वतःच्या कोपरापर्यंतचं माप घेतलं, टेबलाच्या चारही पायांवर खडूने खुणा केल्या आणि करवत सुनेच्या हातात दिली.

"सुताराला बोलावू?"

"मुळीच नको. तूच काप."

दोन महिन्यांनी बाई सरसर कोट कापत होत्या. गिऱ्हाइकाने विचारलं, "हाताला औषध कुठलं घेतलंत?"

"औषध कसलं डोंबलाचं! जन्मात पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं," बाई ताठ मानेने म्हणाल्या, "आणि कापलं माझ्या सुनेने. बघा, टेबल सूतभर डुगडुगत नाही."