बिनपाण्याचं झाड

दोन्ही झाडं जगली, म्हणून दोन्ही उपटून टाकण्यात आली.

पण असं काही घडलेलं नाही. बदलापूरच्या ‘हिरवाई’ सोसायटीत कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. चेअरमन अण्णांनी तर जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहूनच ठेवलं होतं: ‘झाडांबाबत काहीही घडलेले नाही. सभासदांनी चर्चा करू नये.’ तेव्हा आपणही काही घडलं नाही असंच धरू आणि चर्चा न करता नुसतं सांगू.

सुरुवात बुधाजीच्या झोपेपासून होते. बुधाजी मूळचा बदलापूर गावातला. कारखान्यात तिन्ही पाळ्या करून रिटायर झाला तेव्हा त्याची एकच इच्छा उरली होती: दुपारचं जेवून आडवं व्हायचं आणि चहालाच उठायचं. त्यासाठी त्याने सोसायटीत तळमजल्यावरची खोली घेतली. खोली पश्चिमेची आहे हे त्याला पहिल्या एप्रिलात कळलं. जेवण आटोपलं की ऊन खिडकीतून आत यायचं, कॉटवर मांडी घालून बसायचं आणि चहाची वेळ झाली तरी उठायचं नाही. तीन उन्हाळे गेले, बुधाजीचा दुपारी डोळा लागला नव्हता. कारखान्याच्या भोंग्याखाली उभ्याउभ्या झोपणारा माणूस तो. घरी आडवा पडून जागा राहायचा.

त्याच्या खिडकीसमोर चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा होती. तिला सोसायटी ‘गार्डन’ म्हणायची. गार्डनमध्ये मुरूम होता आणि सगुणाबाईची खाट होती. सगुणाबाई पहिल्या मजल्यावरची. त्या खाटेवर ती उडदाचे पापड वाळवायची. ते पापड उल्हासनगरच्या एका दुकानात जायचे आणि तिथे पोचल्या पोचल्या सिंधी व्हायचे. आता पापडाला ऊन लागतं आणि झोपेला सावली लागते, सगळं भांडण एवढंच. पण सभेत असं उघड कोण बोलतं? चौऱ्याण्णव सालच्या सभेत सगळे पर्यावरणावर बोलले.

पाणी तेव्हा दिवसाआड यायचं. बारवी धरण मात्र इतकं जवळ की रविवारी डबा घेऊन जाऊन पाणी बघून येता यायचं. म्हणून अण्णांनी अट घातली: झाड एकच लावायचं, ते शोभेचं हवं आणि त्याने पाणी मागता कामा नये.

“थोडक्यात, आपल्या सभासदांसारखं,” अण्णा म्हणाले. “शोभा वगळून.”

बुधाजी उठला. “बहावा लावा. मुळं खोल जातात. एकदा धरला की पानी विचारीत नाय. शेली तोंड लावीत नाय. आन उन्हाल्यात पिवली झुंबरं.”

“आणि पसरतो किती?” सगुणाबाईने बसल्या जागेवरून विचारलं.

“शोभेपुरता.”

“त्यापेक्षा चाफा बरा,” ती म्हणाली. “खोडातच पाणी साठवतो. तोडलेली फांदी महिनाभर गच्चीवर विसरली तरी रोवली की फुटते. शिवाय देवाला रोज फूल.”

“निम्मं वरीस नुसती हाडकं उभी केल्यावानी दिसतो. सावली कुठाय त्याला?”

“सावलीचं कोण बोललं, भाऊ? दुष्काळाचं चाललंय. आणि तुमच्या बहाव्याच्या शेंगा हातहातभर. टाळक्यात पडतील कुणाच्या.”

“टालक्यात पडतील म्हंजी खाली कोन तरी गारव्याला झोपलेलं असल ना, बाय,” बुधाजी बोलून गेला, आणि मग जीभ चावून पुन्हा पर्यावरणावर आला.

अण्णांनी न्याय केला. दोन्ही झाडं शेजारीशेजारी लावायची. उन्हाळाभर कुणी थेंब घालायचा नाही. अण्णा अचानक येऊन मातीत बोट घालतील. माती ओली लागली तर ते झाड बाद. जे टिकेल ते सोसायटीचं.

बहाव्याचं कमरेएवढं रोप आणायला बुधाजी उल्हासनगरला नोतनदासच्या नर्सरीत गेला. जाता जाता त्याने चाफ्याचीही चौकशी केली. शत्रूची करतात तशी.

“चंपा को धूप से कुछ नहीं होता, साईं,” नोतनदास म्हणाला. “पानी से मरता है. जड़ सड़ जाती है.”

त्या आनंदात बुधाजीने त्याच्याकडून बिनगरजेची एक कुंडीही विकत घेतली. घरी येऊन बहावा लावला; शेजारी सगुणाबाईने चाफ्याची फांदी रोवली.

दुसऱ्या दिवसापासून तो सूर्याला अर्घ्य देऊ लागला. पहाटे, चाफ्याच्या बुडाशी उभा राहून, बादलीने.

त्याची बायको भागीरथी दारातून बघत होती. “तीन वरसं त्या सूर्याला शिव्या घालताव. आता बादलीभर अर्घ्य?”

“शिव्या घातल्या म्हनून तर. फेडायला नको?”

“आन सूर्य तं बिल्डिंगीच्या मागं उगावतो. तुमी त्याच्याकडं पाठ करून उभं.”

“दुपारी इकडंच येतो ना तो? मंग. आगाऊ देऊन ठेवतो.”

घरात दोन माणसांची आंघोळ एका तांब्यात होऊ लागली. भागीरथी म्हणाली, देवभक्तीचा वास येतो म्हणतात तो हाच असेल.

तिकडे सगुणाबाईने वेगळा हिशेब मांडला होता. ओलं सापडेल ते बाद. मग बहावा ओला ठेवायला कितीसं लागतं? रोज दुपारी पापड उलटायला खाली आली की उडदाची डाळ धुतलेलं पाणी ती बहाव्याच्या बुडात रिचवायची. अण्णा अचानक येणार होते, म्हणून रोज. अण्णा मात्र इतके अचानक येणार होते की मे उजाडला तरी आले नव्हते.

तोवर बहाव्याने डाळीच्या पाण्यावर असं काही बाळसं धरलं की बाळंतिणीने लाजावं. बुधाजी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, “बगा. बिनपान्याचा. याला म्हनतात खोल मुलं.” आणि चाफा सडेल तर शपथ. मुरमातून बादली खाली निघून जायची आणि चाफा वरून फुलं काढायचा. सगुणाबाई फुलं वेचताना म्हणायची, “खोडातलं पाणी हो. निसर्गाची कमाल.” बुधाजीने अर्घ्य दोन बादल्यांवर नेलं.

शेवटी एका रविवारी अण्णा आले. बहाव्याच्या मातीत बोट घातलं, काढलं, हुंगलं.

“ओली. आणि वडे तळावेत असा वास.”

मग चाफ्याच्या मातीत घातलं. बोट मुळापर्यंत गेलं आणि परत यायला वेळ लागला.

“माणसांना प्यायला पाणी नाही,” अण्णा शांतपणे म्हणाले, “आणि इथे भात लावता येईल.”

“मी माज्या झाडाला थेंब घातला असल तं माजी जीभ झडल,” बुधाजी म्हणाला.

“मी माझ्या झाडाला घातला असेल तर माझे पापड सादळतील,” सगुणाबाई म्हणाली.

दोघंही शंभर टक्के खरं बोलत होते. सोसायटीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं, आणि कुणीही विश्वास ठेवला नाही.

दोन्ही झाडं बाद झाली. बहावा अण्णांच्या मेहुण्याने नेला आणि बारवी धरणाच्या काठी लावला, तिथे त्याला आता दुष्काळाची अजिबात भीती नाही. चाफा गच्चीवर टाकीमागे फेकला.

आणि अण्णांनी खरोखर बिनपाण्याचं झाड आणलं. अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर सिमेंटचे नंदी आणि सिंह करणारा एक कारागीर होता. त्याने गार्डनच्या मधोमध सिमेंटचं खोड उभं केलं, वर गोल छत्री ओतली, तिच्यावर हिरवी पानं रंगवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कारागीर हात धूत म्हणाला, “एकवीस दिवस पाणी मारा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. नायतर तडे जातील.”

ती ड्यूटी शिक्षा म्हणून बुधाजी आणि सगुणाबाईला लागली.

भर दुपारी दोघं बादल्या घेऊन सिमेंटच्या झाडाला पाणी घालत होती. छत्रीची सावली नेमकी पापडाच्या खाटेवर पडली होती. ती सरकत सरकत बुधाजीच्या खिडकीशी पोचायची ते चहाच्या वेळेला.

“माझ्या चाफ्याला तुम्ही घालत होतात ना?” सगुणाबाईने खोडावर तांब्या ओतत विचारलं.

“अर्घ्य होतं ते.”

“हं.”

“आन माज्या बहाव्याला?”

“डाळीचं पाणी. फेकायचं कुठे?”

बुधाजीने बादली खाली ठेवली. “बरा वाढलेला तुमच्या हाताखाली.”

“तुमचा चाफा अजून फुलतोय,” ती म्हणाली. “गच्चीवर. ना माती, ना पाणी. काल पाच फुलं आणली.”

दोघांनी त्या हिरव्या रंगवलेल्या पानांवर पाणी मारलं. एक पान आत्ताच सोललं होतं.

“खरं सांगू का, भाऊ, मला काही रोज वाळवण नसतं. एक दिवस लाटायचं, एक दिवस वाळवायचं.”

“मना पन रोज झोप नको,” बुधाजी म्हणाला. “एक दिवस सोडून मिलाली तरी फार.”

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून अर्ज लिहिला. खाली तिची सही, त्याचा आंगठा. सही त्याला येत होती, पण आंगठ्याला वजन असतं म्हणाला. अर्ज पाणीखात्याला गेला, कारण चालू वस्तू बंद ठेवण्याचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला नव्हता:

‘सबब मे. साहेबांस विनंती करण्यात येते की, आमच्या इमारतीच्या पश्चिम बाजूस होणारा उन्हाचा पुरवठा यापुढे दिवसाआड करण्यात यावा. सोमवार, बुधवार व शुक्रवार पापडांकरिता पूर्ण दाबाने सोडण्यात यावा, मंगळवार, गुरुवार व शनिवार जेवणानंतर ते चहापर्यंत बंद ठेवण्यात यावा, आणि दुरुस्तीच्या कारणास्तव अधिक काळ बंद राहणार असल्यास सभासदांस पूर्वसूचना देण्यात येऊ नये, कारण एक अर्जदार झोपलेला असेल.’