टेबल क्रमांक चार

जबाबदारी माणसावर टाकू नये, टेबलावर टाकावी. माणसं रजेवर जातात, आजारी पडतात, नोकरी सोडतात. टेबल जागचं हलत नाही. हे वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या जबाबदारीच्या तक्त्यावर सगळ्यात वर लिहिलं. एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला ते माझ्याच डोक्यावर येऊन पडलं.

आम्ही लिफ्ट बनवतो. लिफ्टच्या देखभालीची प्रत्येक पुस्तिका चार टेबलांवरून जाते. पहिल्यावर लिहिली जाते, दुसऱ्यावर तपासली जाते, तिसऱ्यावर पडताळली जाते आणि चौथ्यावर अंतिम मंजुरीचा शिक्का बसतो. कुठल्या टेबलाने काय करायचं हे ठरवणारा तक्ता माझा. खाली सही माझी. आणि माझी निवृत्ती तेव्हा चौदा महिन्यांवर.

परवाना खात्याकडून तपासनीस आले होते. त्यांनी मंजुऱ्यांची वही चाळली. तीन वर्षांत चारशे बारा पुस्तिका मंजूर, एकोणीस परत.

"हे चौथ्या टेबलावरचे गृहस्थ भलतेच कडक दिसतात," ते खूश होऊन म्हणाले. "जरा भेट घालून द्या."

मी त्यांना ऐटीत मुख्य अभियंत्यांच्या केबिनमध्ये नेलं.

"मंजुरी? मी?" मुख्य अभियंता म्हणाले. "तीन वर्षांत माझ्याकडे एक फाइल आलेली नाही. मला वाटलं, ते काम वर गेलं."

"मग तुम्ही विचारलं नाहीत?" तपासनीस.

"बरं चाललं होतं हो," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

मी गुडघे टेकून त्यांच्या टेबलाखाली पाहिलं. आमच्या प्रत्येक टेबलाच्या पायाला असतो तो क्रमांकाचा पत्रा नव्हता. टेबल नवं होतं, काचेचं. ते घेतलं तेव्हा जुनं कुठे गेलं, हे मला तिथे, गुडघ्यांवर असतानाच आठवलं.

जुनं टेबल पॅन्ट्रीत होतं. त्यावर चहाची किटली, सत्तावीस कप आणि एका कोपऱ्यात नीट रचलेल्या सहा फाइली. शेजारी पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मावशी बसल्या होत्या. ट्रॉलीवाला पत्र्यावरचा क्रमांक बघून फाइल ठेवतो. कोण बसलंय ते बघायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. म्हणजे मीच सांगितलेलं नाही.

"मावशी," मी विचारलं, "या फाइलींवर शिक्का कोण मारतं?"

"मीच की. ड्रॉवरमध्ये होता. चमच्यांच्या खाली."

तपासनीस स्टुलावर बसले. बसले म्हणजे स्टूल तिथे होतं म्हणून वाचले.

"पण तुम्ही का मारता?"

"न मारता ठेवली की ट्रॉलीवाला नेत नाही. मग मी कप कुठे ठेवू, भाऊ?"

"वाचता तरी का?" तपासनिसांनी विचारलं.

"वाचायला वेळ कुठाय साहेब, चहा उतू जातो. मी पानं मोजते. बारा वर्षं बाइंडरकडे पानं जुळवायला होते. वर लिहिलेलं असतं ना, एकूण पानं चाळीस. चाळीस भरली तर शिक्का. नाही भरली तर परत. इतकं साधं आहे."

तपासनिसांनी परत गेलेल्या एकोणीस पुस्तिका मागवल्या. सहावी उघडून ते थबकले. मूळ प्रतीत पान एकतीस नव्हतं. पान एकतीस म्हणजे ब्रेकची चाचणी. ते पान नसताना एका अभियंत्याने पुस्तिका पूर्ण केली होती, दुसऱ्याने तपासली होती, तिसऱ्याने तीत दोन स्वल्पविराम घालून पडताळली होती. थांबवली होती मावशींनी.

किटलीचं झाकण तेवढं खडखडत होतं. मला त्या पुस्तिकेच्या भरवशावर चालणारी लिफ्ट दिसत होती आणि तिच्यात काही कारण नसताना मीच उभा होतो.

"टेबल हलवायला परवानगी कुणी दिली?" तपासनिसांनी शेवटी विचारलं.

तो कागद मीच शोधून आणला. टेबल क्रमांक चार पॅन्ट्रीत हलवणे, एकूण पानं दोन. तीन सह्या आणि अंतिम मंजुरीचा शिक्का. तारीख टेबल हलवल्याच्या दुसऱ्या दिवशीची.

"दोन पानं होती," मावशी म्हणाल्या. "बरोबर होती."

तपासनिसांनी वही मिटली. "अहवालात जबाबदार व्यक्तीचं नाव घालावं लागेल. टेबलाचं चालणार नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे इतकी वर्षं त्या इमारतीत फक्त चहावाल्या बाई काम करत होत्या?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मीही भाजी निवडायला बसलो. निवृत्तीवेतन अडकेल का, हे तिने विचारलं नाही. मला वाटतं, विचारायचं टाळलं.

शुक्रवारी अहवाल आला. बाहेरून आलेला कागदही आमच्याकडे चारही टेबलांवरून गेल्याशिवाय लागू होत नाही. तक्त्यातला नियम सातवा, तोही माझाच. पहिल्या तीन टेबलांनी पंधरा मिनिटांत सह्या केल्या. एवढा वेग मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. चौथं टेबल अजून पॅन्ट्रीतच होतं; मी तिथल्या दारात उभा राहिलो. मावशींनी हात पुसले, बोटाला पाणी लावलं आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"नऊ लिहिलंय. आठच आहेत. सातवं नाही."

अनुक्रमणिकेप्रमाणे सातव्या पानावर जबाबदार व्यक्तीचं नाव होतं. मी परवाना खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की नाव असलेलं पान त्यांच्याकडे वेगळं मंजूर करावं लागतं, आणि ते तिसऱ्या टप्प्यावर आहे.

"कुणाकडे आहे?" मी विचारलं.

"ते बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

याला पाच महिने झाले. पान सात अजून आलेलं नाही.